माझ्याकडे सर

विमान शिकवणाऱ्या शाळेत मुख्य शिक्षक व्हायचं तर नुसतं उडता येऊन भागत नाही. हजारो तासांचं उड्डाण वहीत नोंदलेलं लागतं, शिकवण्याचा परवाना लागतो, डोळे, कान, काळीज धड असल्याचा डॉक्टरचा दाखला लागतो. मोठ्या सरांकडे हे सगळं होतं आणि खुर्चीमागच्या भिंतीवर काचेच्या तीन चौकटींत बसवलेलं होतं. पाहुणा आला की सर थोडे डावीकडे सरकून बसत, त्याला चौथी चौकट दिसावी म्हणून. चौथीत त्यांचा स्वतःचा फोटो होता.

कोणाला कोणी शिकवायचं, कोणी पहिल्यांदा एकट्याने आकाशात जायचं, हे सगळं त्यांच्या सहीवर चाले. सहीही कशी, धावपट्टीसारखी लांब आणि शेवटी वर उचललेली.

‘माझ्याकडे सर’ हे नाव मात्र पडलं होतं एका शब्दावरून. लहान विमानात दोघं शेजारी बसतात, दोघांपुढे विमान वळवायचा सारखाच दांडा. तेव्हा विमान कोणाच्या हातात आहे ते तोंडाने सांगावं लागतं. घेणाऱ्याने म्हणायचं ‘माझ्याकडे’, देणाऱ्याने म्हणायचं ‘तुमच्याकडे’. पुढे कोणीही असो, शब्द हेच. सर स्वतः तेवढे हाताखालच्यांना ‘तुझ्याकडे’ म्हणत. घरीसुद्धा हीच शिस्त. बायकोने चहा पुढे केला की सर म्हणत, “माझ्याकडे,” आणि तिचा जबाब येईपर्यंत कप दोघांच्या हातात लोंबकळत राही.

“अहो, बोटं भाजतायत.”

“शिस्त म्हणजे शिस्त.”

त्यांच्या हाताखाली एक उपमुख्य शिक्षिका होती. कागदपत्रं तिच्याकडेही पुरती होती, चौकटी तेवढ्या नव्हत्या. मागच्या वर्षी एकदा तिने हा शब्द गिळला. सरांनी त्या जाणत्या बाईला विद्यार्थ्यांसमोर बाकावर बसवलं आणि दोनशे वेळा ‘माझ्याकडे’ लिहायला लावलं. तिने लिहिलं. अर्धी वही कोरी उरली होती, ती तिने कपाटात जपून ठेवली.

आता वर्षातून एकदा मुख्य शिक्षकाचीही परीक्षा होते. सरकारी तपासनीस शेजारी बसतो आणि उडवून बघतो. तो पास म्हणाला तर खुर्ची राहते, नाहीतर दुसऱ्याला मिळते. सरांनी त्या वर्षी सह्या भरपूर केल्या होत्या आणि उड्डाणं बोटांवर मोजण्याइतकी. परीक्षेच्या सकाळी त्यांनी तीनदा बूट पुसले.

“अहो, बूट उडवायचेत की विमान?” बायको म्हणाली.

आकाश त्या दिवशी कुळवून सपाट केलेल्या रानासारखं पसरलं होतं. सर वर गेले, रेडिओचं बटण दाबून खाली कळवलं की सगळं ठीक आहे. ते जुनं बटण दाबलेलंच राहिलं. त्यामुळे पुढचं सगळं बोलणं खाली ऑफिसातल्या कर्ण्यातून स्वच्छ ऐकू येऊ लागलं. तिथे उपमुख्य बाई बसल्या होत्या आणि अकरा विद्यार्थी.

“जरा बघू,” म्हणत तपासनीसांनी दांड्याला हात लावला. सरकारी माणूस, म्हणून सरांनी अदबीने आपला हात काढला. तपासनीसांनी दांडा नुसता चाचपला आणि सोडून कागदावर लिहायला घेतलं. शब्द दोघांपैकी एकानेही उच्चारला नाही. विमान बिचारं ओळखीच्या बांधावरून चालणाऱ्या गुरासारखं आपलं आपण चाललं होतं.

चार मिनिटांनी तपासनीस म्हणाले, “वा. उंची तसूभर हलली नाही.”

“तुमचाच हात, साहेब.”

“माझा कसा? मी लिहितोय.”

“म्हणजे तुम्ही चालवत नाही?”

दोघांनी एकदम दांडा धरला. विमान दचकलं. “माझ्याकडे,” दोघं एकाच वेळी म्हणाले. मग दोघांनाही दुसऱ्याचा मान आठवला. “तुमच्याकडे,” दोघं म्हणाले आणि दोघांनी हात सोडले.

खाली कोणी हसलं नाही. अकरा जणांनी नुसते ओठ आवळले.

उतरून ऑफिसात आल्यावर तपासनीसांनी कागद घडी करून खिशात घातला. नापास लिहावं तर दांड्यावरून स्वतःचाही हात निघाला होता. “वारा फार होता,” ते म्हणाले. “पुढच्या महिन्यात पुन्हा घेऊ.” खिडकीबाहेर वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी पिशवी खांबाला मेलेल्या सापासारखी लोंबत होती.

बाईंनी कपाटातली वही काढून टेबलावर ठेवली. “दोनशे वेळा, सर.”

सरांनी वही तपासनीसांपुढे सरकवली. “तुमच्याकडे, साहेब.”

“छे, तुमच्याकडे,” म्हणत त्यांनी ती परत ढकलली. वही चार वेळा टेबलाची वारी करून मधोमध थांबली.

“दारात एक जण पहिल्यांदाच एकटा उडायला थांबलाय,” बाई म्हणाल्या. “परीक्षा होईपर्यंत त्याच्या कागदावर सही कोणाची?”

“नियमाने, बाई, तुमची,” तपासनीस खिडकीबाहेर त्या पिशवीकडे बघत म्हणाले.

बाईंनी सरांपुढचा शिक्का उचलला. “माझ्याकडे.”

आता जबाब द्यायला हवा होता. सरांनी चौथ्या चौकटीकडे पाहिलं, तिथूनही काही मदत आली नाही. “तुझ्याकडे,” ते पुटपुटले.

शिक्का हवेतच थांबला.

“शब्द चुकला, सर.”

सरांनी घसा खाकरला. अकरा जण ऐकत होते.

“तुमच्याकडे.”