पंगत उठेपर्यंत

लातूर जिल्हा स्वतंत्र होऊन चौथे वर्ष सरत होते आणि निलंगा तालुक्यातल्या विहिरींनी एकामागून एक तळ दाखवला होता. त्या उन्हाळ्यात शिवमूर्ती कलशेट्टी रोज पहाटे पोहऱ्याने पाणी शेंदून बांधावरची दगडी डोणी भरत असत. डोणी त्यांच्या आजोबांनी मुक्या जनावरांसाठी बसवलेली. ओढे आटल्यावर माळावरची काळविटे तिथे येऊ लागली होती.

"माणसाला मिळंना अन् तुम्ही हरणाला पाजायलात," त्यांची पत्नी मल्लम्मा म्हणे.

"त्यांचं कुठं रेशनकार्ड हाय?" शिवमूर्ती उत्तर देत.

काळविटे त्या डोणीवर विसंबली आणि ती विसंबली आहेत हे अमृतरावाला कळले. अमृतराव शिवमूर्तींच्याच गावचा, त्यांच्याच लिंगायत समाजाचा. नव्या जिल्ह्यातल्या इमारतींची कंत्राटे मिळवण्यासाठी मोठ्या माणसांना जेवू घालणारा. तो स्वतः मांसाला शिवत नसे. गावच्या मठात श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी जो दासोह, म्हणजे सगळ्यांसाठी अन्नदानाची पंगत, होई, त्यात पंगतीला वाढण्याचा मान त्याच्या घराण्याचा होता.

वैशाखातल्या एका पहाटे तो जीप घेऊन बांधावर आला. काळविटे माना खाली घालून पाणी पीत असताना त्याने गोळ्या झाडल्या. शिवमूर्ती ओरडत धावले तोवर दोन जनावरे जीपमध्ये पडली होती. तिसरा, काळ्या पाठीचा नर, जखमी होऊन पळाला आणि त्यांच्या ज्वारीच्या धसकटांत कोसळला. शिवमूर्तींनी जवळ जाऊन त्याच्या तोंडाला हात लावला. ते अजून ओले होते, डोणीच्या पाण्याने.

पुढे जे घडले ती चूक मृताला जाळणाऱ्या समाजातल्या माणसाकडून झाली नसती. लिंगायत कुटुंबात मृताला दहन नसते. त्याला मातीत समाधी देतात. आपल्या पाण्यावर आलेला जीव आपल्या घरचा, असे मानून शिवमूर्तींनी बांधाखाली खड्डा घेतला, काळविटाच्या कपाळाला विभूती लावली, बेलाचे पान ठेवले आणि माती लोटली. त्यांनी धाडलेल्या निरोपावरून दुपारी वनरक्षक पंचनाम्याला आला.

"जनावर कुठंय?"

"मातीखाली हाय."

"उकरा."

"समाधी उकरत न्हाईत, साहेब."

"मग मी कागदावर काय लिहू?"

वनरक्षकाने लिहिले: मुद्देमाल उपलब्ध नाही. जीपमधले मांस तोवर पाहुण्यांच्या पोटात गेले होते. पुढच्या उन्हाळ्यात निकाल लागला. शिकार सिद्ध झाली नाही. परवान्याची मुदत संपलेली बंदूक बाळगल्याबद्दल अमृतरावाला किरकोळ दंड आणि कोर्ट उठेपर्यंत बसून राहण्याची शिक्षा झाली. तो मागच्या बाकावर बसला आणि त्याने एक डुलकीही काढली. संध्याकाळी बाहेर आल्यावर तो शिवमूर्तींच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "लई कडक शिक्षा झाली बघ. बाकडं टोचलं."

सोबतचे लोक हसले. त्या हसण्याला कायद्याचे कोणतेही कलम लागू होत नव्हते.

दुसऱ्या दिवशी शिवमूर्तींनी कुदळ घेतली. मल्लम्मा आडवी आली. "अवो, समाधी उघडणाऱ्याला पंगतीत घेत न्हाईत. ठाऊक हाय ना?"

"ठाऊक हाय."

"मग?"

"मंग बाहेर बसंन. पन त्याला आत बसू देणार न्हाई."

शिंगांसह कवटी निघाली, बरगड्या निघाल्या आणि मणक्यात रुतलेली शिशाची गोळी निघाली. ते सारे गोणपाटात बांधून शिवमूर्ती लातूरला गेले. वकिलाने गोणपाट सोडूही दिले नाही. शिकारीच्या आरोपातून सुटलेल्याविरुद्ध अपील सरकारनेच करायचे असते आणि हाडांवर मारणाऱ्याचे नाव लिहिलेले नसते, असे तो म्हणाला. शिवमूर्ती वाद न घालता परतले. आता त्यांना श्रावणापर्यंत थांबायचे होते.

दासोहाचा नियम जुना होता. प्रत्येक पानावर वाढून झाल्याशिवाय मठाचे पंचाक्षरी स्वामी घास उचलत नसत आणि त्यांनी उचलल्याशिवाय पंगत जेवत नसे. अमृतराव हुग्गीचे, म्हणजे गव्हाच्या खिरीचे, पातेले घेऊन वाढत वाढत रांगेच्या टोकाला आला. तिथे एका पत्रावळीसमोर काळविटाची कवटी ठेवलेली होती. शिवमूर्ती तिच्यामागे उभे होते.

"हे काय आणलंस?"

"पाहुणा हाय. पान मांडलंय, वाढा."

"येडा झालास का? निकाल लागला त्याचा."

"तुमचा लागला. ह्याचा राहिलाय."

अमृतरावाने स्वामींकडे पाहिले. स्वामी शिवमूर्तींना म्हणाले, "समाधी उकरलीस तू?"

"उकरली, अप्पा. जलमभर चपलांपाशी बसून जेवीन. पन आधी ह्यांनी वाढावं."

"अप्पा, हे पान उचलाया सांगा," अमृतराव म्हणाला.

"मांडलेलं पान उपाशी उचलत न्हाईत," स्वामी म्हणाले आणि त्यांनी डोळे मिटले.

अमृतराव पातेले धरून उभा राहिला. वाढले तर आपणच मारल्याची कबुली होती. न वाढले तर शंभर माणसे उपाशी होती. हुग्गीवर साय धरली. पोरे रडू लागली, तरी एकाही हाताने पानाला स्पर्श केला नाही. ऊन मंडपाच्या दुसऱ्या खांबावर गेले तेव्हा अमृतराव वाकला. पळी शिंगावर आपटली. हुग्गी पानात कमी आणि मातीत जास्त पडली.

"टोचलं का?" शिवमूर्तींनी हळूच विचारले.

पुढच्या वर्षी अमृतराव वाढायला आला तेव्हा पहिल्या माणसाने पानावर हात आडवा धरला, मग दुसऱ्याने, मग सगळ्या रांगेने. त्यानंतर तो मठात दिसला नाही. शिवमूर्तींनी कवटी पुन्हा त्याच मातीत ठेवली आणि अखेरपर्यंत दासोहाला चपलांपाशी बसून जेवले.

"झालं का आता समाधान?" मल्लम्मा दर श्रावणात विचारी.

"एकाचं झालं," ते म्हणत. "दोन जीपमधी गेले, त्यांचं राहिलंय."