मॅडमचा जांभळा ब्लाउज

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, बहिणीला नाही — आणि आता ज्या नव्या ताईंकडे मी मन मोकळं करायला जाते, त्यांनाही नाही. त्यांना बाकी सगळं सांगून झालं. एवढंच राहिलं. राहिलं म्हणजे — मीच ठेवलं.

तुम्हाला का सांगतेय? तुम्ही काही माझ्याकडं ब्लाउज शिवायला टाकणार नाही, म्हणून असेल.

मी कळंबची. घराच्या पुढच्या खोलीत माझी मशीन आहे आणि बावीस वर्षं मी ब्लाउज शिवतेय. मिजास म्हणा हवं तर, पण टेप लावायच्या आधी मला माप कळतं. बाई दारात येऊन उभी राहिली की छाती, मुंढा, बाही, सगळं डोळ्यांत उतरतं. टेप लावते ती गिऱ्हाइकाच्या समाधानासाठी. बायका चिडवतात, "नजर हाय का टेप हाय तुझी?" मला बरं वाटतं. का खोटं बोलू?

हं. खोटं. तिकडंच यायचंय, पण थोडं फिरून येते.

माझं दुखणं विचित्र होतं. बंद दाराची कडी वाजली की छाती धडधडायची, हात गार पडायचे, श्वास पुरायचा नाही. म्हणून मी दार उघडंच ठेवायचे — थंडीतसुद्धा. मांजरं आत यायची, गल्लीतली धूळ कापडावर बसायची, पण कडी नको. शेवटी एकदा मशीनवरच चक्कर आली. हृदयाच्या डॉक्टरांनी ईसीजीची पट्टी काढली, हृदय ठणठणीत आहे म्हणाले, आणि धाराशिवच्या एका समुपदेशक मॅडमचं नाव चिठ्ठीवर लिहून दिलं. ती चिठ्ठी महिनाभर पर्समध्ये पडून होती. आमच्या गल्लीत कळलं असतं तर? डोक्याच्या डॉक्टरकडं जाणाऱ्या बाईच्या हाती लग्नाचं कापड कोण देईल?

तरी गेले. दर गुरुवारी एसटीनं. घरी सांगायचे, अस्तर आणायला चाललेय. नवरा आडतीवर कामाला, साधा माणूस. एकदा म्हणाला, कळंबात काय अस्तर मिळत नाही? मी म्हणाले, धाराशिवचं आटत नाही. पुरावा म्हणून प्रत्येक वेळी काहीतरी घेऊन यायचे — अस्तर, फॉल, एखादा खणाचा तुकडा. दोन वर्षांत कपाटाचा अख्खा खालचा कप्पा भरला.

मॅडमची खोली एका मेडिकलच्या वरच्या मजल्यावर होती. मी जायचे तेव्हा त्या खिडकीजवळच्या खुर्चीत बसलेल्या असायच्या, आणि निघायचे तेव्हाही बसलेल्याच. गुडघ्यांनी छळलं होतं त्यांना. सुती साडी, अंगावर बारा महिने शाल, पुढ्यात पाण्याचा तांब्या. आवाज इतका शांत की मला पहिल्या दिवशी झोपच येऊ लागली. श्वास कसा घ्यायचा, कडी वाजली की पाय जमिनीवर कसे दाबायचे, त्यांनीच शिकवलं. धडधड कमी झाली. मला त्या फार आवडायच्या, अगदी सरळ सांगते. गुरुवारची मी वाट बघायचे.

पण लहानपणाचं विचारलं की मी तयारच असायचे. लहानपण छान गेलं, मॅडम. परांड्याकडचं गाव, सोनारीची जत्रा, वडील द्रोणात जिलबी आणायचे. हे सगळं खरंच होतं बरं का. जिलबी खरीच होती. मॅडम ऐकून घ्यायच्या. एकदा हसून म्हणाल्या, "तुमची उत्तरं फार नीट शिवलेली असतात हो. उसवायला दोरा कुठं सापडत नाही." मीही हसले. कौतुकच वाटलं मला ते.

मग एका गुरुवारी गेले तर वर कुलूप. मेडिकलवाल्यानं सांगितलं, मॅडम रविवारी गेल्या. झोपेतच.

मी अस्तर न घेता परत आले. दोन दिवस मशीनला हात लावला नाही. कुणाजवळ रडायचं? आणि कोण वारलं म्हणून सांगायचं? शनिवारी मात्र न राहवून पुन्हा एसटीत बसले आणि विचारत विचारत त्यांच्या घरी गेले. का गेले? त्यांच्यासाठी रडणाऱ्या माणसांत थोडा वेळ बसावं, एवढंच.

भेटायला आलेल्या बायका चटईवर बसल्या होत्या. मी भिंतीकडेला टेकले. मॅडमची थोरली जाऊ सगळ्यांची विचारपूस करत होती. फिरत फिरत ती माझ्यापाशी आली. "तुमी कोण म्हणायच्या?"

साधा प्रश्न होता. मी त्यांच्याकडे यायचे, त्यांनी मला बरं केलं — एवढं म्हणायचं होतं. पण चटईवरच्या दहा बायका माझ्याकडं वळल्या आणि माझं तोंड आपोआप उघडलं. मी म्हणाले, मी कळंबची टेलर. मॅडमचा एक ब्लाउज माझ्याकडं शिवायला आहे, म्हणून आले.

जीभ अडखळली नाही. नजर खाली गेली नाही. तेवढ्यात एक पोरगी पाण्याचा पेला घेऊन माझ्यासमोर येऊन उभी राहिली — मॅडमची मुलगी, पुण्याहून आलेली. डोळे सुजलेले. "कसला ब्लाउज?" तिनं विचारलं. मी लगेच म्हणाले, जांभळ्या खणाचा. कपाटात तसा एक तुकडा पडून होता ना, तो आठवला.

जाऊबाईंनी माझा हात धरला. "मेलेल्या माणसाची वस्तू दुसऱ्याच्या घरात अडकून ठिवू न्हाई, बाई. जीव घुटमळतो. तेराव्याच्या आत आणून द्या."

मी व्हय म्हणाले. नाही म्हणून सांगते कुणाला?

परतीच्या एसटीत मला माझाच आवाज पुन्हा पुन्हा ऐकू येत होता. इतका गुळगुळीत आवाज — कुणाचा हा? कुठं ऐकला होता? आणि येरमाळ्याच्या जवळपास कुठंतरी मला ती दिसली. आठ वर्षांची, परकर नेसलेली, दाराला पाठ लावून उभी असलेली मी.

वडील जिलबी आणायचे. आणि वडील आईला मारायचे. आई सुजलेलं तोंड घेऊन आत बसलेली असायची, आणि कडी वाजली की मला पुढं पाठवायची. आई रानात गेलीय. आईला ताप आलाय, झोपलीय. मी इतकं चोख सांगायचे की शेजारणी उंबऱ्यावरूनच परत जायच्या. एकदा तामलवाडीहून मामा आला. काही कानावर गेलं असणार त्याच्या, कारण तो एकदम म्हणाला, "तुझ्या आईला न्यायला आलोय." मी म्हणाले, आई सोनारीला देवाला गेलीय, उद्या येणार. मामानं माझ्या तोंडाकडं कितीतरी वेळ बघितलं. मग शेंगांची पिशवी माझ्या हातात दिली आणि आल्या पावली गेला.

आई दारामागंच होती. तिनं मला जवळ ओढलं. "लई शहाणी माझी पोर," म्हणाली. त्याच आठवड्यात तिचा डावा कान गेला. पुढं मरेपर्यंत ती त्या कानानं बहिरी होती.

चाळीस वर्षं ते कौतुक मी जपून ठेवलं होतं. शहाणी पोर! आठ वर्षांच्या मुलीला दारावर उभं केलं होतं हो, आणि मी त्याला छान लहानपण म्हणत होते. मॅडम दोन वर्षं हेच शोधत होत्या. सापडलं तेव्हा त्या नव्हत्या.

दुसऱ्या दिवशी मी जांभळा खण काढला. अस्तरही तेच, गुरुवारचं. डोळे मिटून मॅडमना समोर उभं केलं आणि माप उतरवून घेतलं. कापताना एकदा वाटलं — मॅडम इतक्या बारीक होत्या? पण माझ्या नजरेवर शंका घ्यायची मला सवयच नव्हती. कच्चा टाका घातला, बाह्या जोडल्या, आणि शिवता शिवता मोठ्यानं बोलायला लागले. मॅडम, मामा आला होता. मॅडम, मी त्याला परत पाठवलं. भर दुपारी, दार सताड उघडं, आणि मी मशीनवर हमसून हमसून रडतेय.

नवरा जेवायला आला होता. दारात थबकला. मी तसंच सांगून टाकलं, गुरुवारी मी अस्तराला जात नव्हते. तो चप्पल काढत म्हणाला, "ठाव हाय मला. दोन वर्षांत एक पिशवी तरी उघडलीस का?" मग स्वतःच ताट वाढून घेतलं, आणि माझंही वाढलं. असा माणूस मिळाला, आणखी काय पाहिजे? मात्र तो ब्लाउज कुणाचा म्हणून त्यानं विचारलं तेव्हा मी म्हणाले, मॅडमनी टाकलेला.

बाराव्या दिवशी नेऊन दिला. जाऊबाईंना हायसं वाटलं. मुलीनं तो उलगडलासुद्धा नाही, नुसता हातात धरून बसली. निघताना माझा फोन नंबर लिहून घेतला.

इथंच संपलं असतं तर मी हे तुम्हाला सांगितलंही नसतं. बाईमाणसानं घाबरून एक थाप मारली आणि एक ब्लाउज फुकट शिवून दिला. कुणाचं काय बिघडलं?

चार-पाच महिन्यांनी मॅडमच्या मुलीचा फोन आला. म्हणाली, "काकू, आईच्या दंडातसुद्धा शिरला नसता हा. मी घालून बघितला. मला अगदी मापात बसला."

मी मॅडमना कधी उभं बघितलंच नव्हतं. दोन वर्षं खुर्चीत, शालीत. माझ्या नजरेनं माप घेतलं होतं ते पाण्याचा पेला घेऊन समोर उभ्या राहिलेल्या पोरीचं. बावीस वर्षांत पहिल्यांदा चुकले. आणि चूक कुठं झाली, तर तिथं.

ती बोलतच होती. आईशी तिचं दोन वर्षं बोलणं नव्हतं. लग्नावरून बिनसलं होतं. आई फोन करायची, ही उचलायची नाही. "आईनं माझ्यासाठी शिवायला टाकला होता का? माझं माप दिलं होतं का तिनं?" आणि मग अगदी हळू, "काही म्हणाली होती का माझ्याबद्दल?"

मला तिचा श्वास ऐकू येत होता.

आता मला सगळं कळत होतं बरं. मी आठ वर्षांची नव्हते. दारामागं कुणी नव्हतं. पाय जमिनीवर दाबून खरं कसं बोलायचं ते तिच्याच आईनं मला शिकवलं होतं. बाळ, चूक माझी झाली, इतके चार शब्द होते. आणि मी म्हणाले, "व्हय. पोरगी आली की घालून बघंल, म्हणल्या होत्या. राग न्हवता त्यांचा तुमच्यावर."

ती खूप रडली. रडता रडता हसली. थँक्यू काकू, थँक्यू, म्हणत राहिली. फोन ठेवल्यावर मी माझे हात बघितले. गरम होते. छाती जागेवर होती. इतकं खोटं बोलले आणि मला काहीसुद्धा झालं नाही.

आता मी बरी आहे. खरंच बरी आहे, हे मात्र शिवलेलं उत्तर नाही. दुपारी दार लावून घेते. कडी वाजली तर हातातला टाका पूर्ण करते आणि मग उठते. कुणाचं काम जमणार नसेल तर नाही म्हणून सांगते, आणि समोरची बाई फणकारून गेली तरी रात्री नीट झोपते. नव्या ताईंना मामाचं सांगितलं, शेंगांच्या पिशवीचं सांगितलं. त्या म्हणाल्या, ते आठ वर्षांच्या पोरीचं काम नव्हतं. मला ते पटलं. तिचा दोष नव्हता. फोनवर होती ती मात्र अठ्ठेचाळीस वर्षांची बाई होती.

मुलगी दर दिवाळीला फोटो पाठवते. जांभळा ब्लाउज, वर कुठलीतरी नवी साडी. मागच्या वर्षी खाली लिहिलं होतं, आईची शेवटची भेट. फोटो मोठा करून बघते मी. मुंढ्यात एक सुरकुती नाही.

तो ब्लाउज मॅडमनी टाकलेला नव्हता. मुलीवर त्यांचा राग होता की नव्हता, मला माहीत नाही. दोन वर्षांच्या गुरुवारांत त्या तिच्याबद्दल माझ्याजवळ एक अक्षर बोलल्या नाहीत. ती पाण्याचा पेला घेऊन माझ्यासमोर येईपर्यंत, मॅडमना मुलगी आहे हेच मला ठाऊक नव्हतं.