‘हो’ न म्हणणारं घर

ओठांत दिवसभर टाचण्या धरलेल्या असायच्या, म्हणून तिला सगळी गल्ली टाचणीबाई म्हणायची. कपडे उसवून, आत घेऊन, लांबी कमी-जास्त करून द्यायचं तिचं काम. दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. एक शिलाई मशीन, एक उभा आरसा आणि गिऱ्हाइकाला चढवायला एक लाकडी स्टूल. गिऱ्हाईक स्टुलावर चढलं की ही गुडघ्यांवर बसायची, आणि ओठांतली एकेक टाचणी काढून कापडाला लावत जायची. तेवढा वेळ बोलणं बंद, नुसतं ‘हं’. तिचा नवरा म्हणायचा, "आमचा संसार टिकला तो त्या टाचण्यांच्या कृपेने."

नवरा पोस्टमन. उन्हातान्हात घरोघर पत्रं टाकून पाय झिजवलेला माणूस, पण पाय राहिले धड आणि गेल्या किडन्या. आता दिवसाआड दवाखान्यात जायचं, यंत्राला जोडून घेऊन रक्त धुवून आणायचं. पाणीसुद्धा मापात. दुपारी एक कप मिळायचा, त्याची तो सकाळपासून अशी वाट बघायचा की जणू माहेरची माणसं यायचीत.

कुणाची तरी किडनी मिळेल म्हणून दवाखान्यात नाव लावलेलं होतं. तिथल्या बाईंनी बजावून सांगितलं होतं, "फोन कधीही येईल. कुठल्या नंबरवरून येईल ते सांगता येत नाही. उचलायचा. नाही उचललात तर आम्हाला पुढच्या पेशंटला बोलवावं लागतं. किडनी कुणासाठी थांबत नाही."

झालं! त्या दिवसापासून टाचणीबाईचा जीव फोनमध्ये अडकला. आणि फोन तर काय, सारखाच बोंबलायचा. कर्ज हवंय का? प्लॉट घ्यायचाय का? तुमचं पार्सल अडकलंय. तुमचं सिमकार्ड बंद होणार. एक जण तर पोलीस बनून दरडावायचा, आणि मागे कुणीतरी भांडी घासल्याचा आवाज यायचा. पूर्वी ती अशांना दोन सणसणीत ऐकवून फोन ठेवायची. आता अनोळखी नंबर दिसला की हातातलं काम टाकून उचलायची. दर वेळी वाटायचं, हाच तो. आणि दर वेळी निघायचा कुणीतरी लुच्चा.

त्यात भर पडली ईमेलची. नवऱ्याच्या फोनवर एक पत्र आलं. वर दवाखान्याचं चिन्ह, खाली सही. तुमचा नंबर वर घ्यायचा असेल तर इतकी रक्कम आजच भरा. नवरा भरायला निघालाच होता.

"अहो, थांबा तरी! विचारून येते."

"अगं, पत्र आहे ते. नावानिशी आलंय. खोटं कसं असेल?"

जन्मभर लोकांच्या दारात पत्रं टाकली ना, नाव-पत्ता बरोबर असला की आतला मजकूरही खराच असं त्याला वाटायचं. टाचणीबाई तसाच फोन घेऊन दवाखान्यात गेली. बाईंनी बघितलं आणि कपाळाला हात लावला. "आम्ही असे पैसे कधीच मागत नाही हो. चोर आहेत हे."

म्हणजे आता चोर दवाखान्याच्या नावानेही येऊ लागले.

वर राहायची नणंद. तिला मागच्या वर्षी फोनवरूनच एकाने गंडवलं होतं. गोड बोलून तिच्याकडून पाच-सहा प्रश्नांना ‘हो, हो’ म्हणवून घेतलं आणि खातं रिकामं केलं. तेव्हापासून तिने घरात कायदाच केला होता: फोनवर ‘हो’ म्हणायचं नाही. तो शब्द चोर टिपून ठेवतात म्हणे. "हं म्हण, बोला म्हण, खोकून दाखव. पण ‘हो’ म्हणशील तर याद राख, वहिनी!" चोराला कापलं की फोन नणंदेकडे द्यायचा, ती तो नंबर ब्लॉक करायची, ढेकूण चिरडावा तशी.

असं चाललेलं असताना एका दुपारी कोपऱ्यावरचा टॅक्सीवाला नवी पँट घेऊन आला. पुतण्याने पाठवलेली, आणि पुतण्या उंच. टॅक्सीवाला स्टुलावर उभा, टाचणीबाई खाली, तोंडात टाचण्या. नणंद खुर्चीत बसून काजं करत होती. फोन वाजला. अनोळखी नंबर.

टाचणीबाईने स्पीकरचं बटण दाबलं. "हं?"

"दवाखान्यातून बोलतोय." आवाज पुरुषाचा, नवा, घाईतला. "पेशंटला ताप, खोकला काही आहे?"

तिने नणंदेकडे बघितलं. नणंदेने डोळे बारीक केले.

"उंहूं."

"त्यांना आतापासून काही खायला-प्यायला देऊ नका. आणि तुम्ही त्यांच्या पत्नीच ना? कॉल रेकॉर्ड होतोय, स्पष्ट ‘हो’ म्हणा."

नणंद ताडकन उठली. दोन्ही हातांनी नाही नाही करू लागली.

"हॅलो? फक्त ‘हो’ म्हणा, ताई. वेळ नाहीये."

टाचणीबाईने फोन कापला. नणंदेने तो जवळजवळ हिसकावलाच, आणि नंबर चिरडून टाकला. "बघितलंस? ‘हो’ म्हण म्हणतो मेला! दवाखान्याचं नाव घेतो, वर ताई म्हणतो!"

"जमाना वाईट आलाय," स्टुलावरून टॅक्सीवाला म्हणाला.

टाचणीबाईने पुढची टाचणी लावली. मग आणखी एक. मग हात थांबला. काहीतरी खटकत होतं, कापडात गाठ लागावी तसं. इतके चोर येऊन गेले, सगळ्यांनी काही ना काही मागितलं. नंबर सांगा, पैसे भरा, बटण दाबा. ह्याने काय मागितलं? काहीच नाही. उलट ताप आहे का विचारलं. आणि काही खायला-प्यायला देऊ नका म्हणाला. चोराला काय करायचंय, आमचा माणूस जेवला की उपाशी आहे?

आतून पेल्याचा आवाज आला. दुपारचा कप!

ती टाचण्यांसकट धावली. नवरा पलंगावर बसून, डोळे मिटून कप ओठांशी नेत होता. तिने एका फटक्यात तो उडवला. पाणी भिंतीवर.

"अगं ए! वेड लागलं की काय? सकाळपासून..."

तिने टाचण्या हातावर थुंकल्या. "उठा. चपला घाला. फोन आला होता. मी कापला."

हे शेवटचे दोन शब्द बोलताना तिचा आवाज चिरकला. नवऱ्याने तिच्याकडे बघितलं आणि चपला शोधू लागला.

पुढच्या खोलीत नणंद पांढरीफटक पडली होती. "ब्लॉक केलाय गं मी. त्याला परत फोन करताच येणार नाही."

"मग काढा तो ब्लॉक, वन्सं!"

"घालता येतो मला. काढता कुठे येतो!"

टॅक्सीवाला स्टुलावरून खाली उतरला. "गाडीत बसा आधी. बाकीचं वाटेत."

"अहो, पँट..."

"राहू दे पँट!"

निघाले. टॅक्सीवाल्याच्या पँटला टाचण्या तशाच, ब्रेक दाबला की "आई गं", क्लच दाबला की "मेलो". पण गाडी कुठे थांबवली नाही त्याने. मागे नणंद फोनमध्ये हे उघड, ते बंद कर, असं करत होती. नवरा खिडकीला डोकं टेकून बसलेला. टाचणीबाईच्या डोळ्यांसमोर एकच चित्र: दुसऱ्या कुठल्या तरी घरात फोन वाजतोय, आणि तिथली बाई पहिल्याच झटक्यात ‘हो’ म्हणतेय.

"निघाला! निघाला ब्लॉक!" नणंद ओरडली.

टाचणीबाईने नंबर लावला. व्यस्त. पुन्हा लावला, पुन्हा व्यस्त. झालं, दुसऱ्याशी बोलतायत. आणि तेवढ्यात फोन हातातच वाजला.

"नमस्कार मॅडम, आमच्या बँकेची खास योजना..."

"अरे मेल्या, ठेव! ठेव फोन! माझा नवरा मरतोय तुझ्या योजनेपायी!" तिने कापला. फोन पुन्हा वाजला. तिने तो उचलला आणि नुसता कानाला धरला.

"ताई, किती वेळा लावला! लागतच नव्हता." आता बाईंचाच आवाज. "दुसऱ्यांना फोन लावायला घेतलाच होता. तुम्ही येताय ना? स्पष्ट सांगा, मला नोंद करायचीय."

टाचणीबाईने नणंदेकडे बघितलं. नणंदेने स्वतःच्या तोंडावर हात दाबून धरला होता.

"हो," टाचणीबाई म्हणाली. "हो. हो, हो, हो! आलोच. पाणीसुद्धा दिलेलं नाही."

"आई गं," ब्रेक दाबत टॅक्सीवाला म्हणाला.

ऑपरेशन झालं. पण डॉक्टर म्हणाले, किडनी बसवलीय, अजून जागी झालेली नाही. होईल किंवा नाहीही होणार. वाट बघा. मग बाकावर बसणं आलं. काचेपलीकडे नवरा, त्याच्या पलंगाला लटकवलेली लघवीची पिशवी, आणि पिशवी कोरडी. टाचणीबाईने आयुष्यात कुठल्या कापडाकडे इतकं निरखून बघितलं नसेल. शेजारी नणंद. "माझ्यामुळे हातची गेली असती," ती एकदा म्हणाली. टाचणीबाई म्हणाली, "कापला मी. तुम्ही नुसत्या नाचलात." त्यावर दोघींनाही हसू फुटेना.

एका सकाळी ती काचेशी गेली, आणि पिशवीच्या तळाशी पिवळं दिसलं. बोटभर. नर्सने आतून अंगठा दाखवला. टाचणीबाईने काचेतूनच तिला हात जोडले.

तेवढ्यात फोन. अनोळखी नंबर.

"नमस्कार मॅडम, आपण दोन मिनिटं बोलू शकता का?"

"हो!" टाचणीबाई म्हणाली. "हो हो, बोलते की! अहो दादा, आमच्या ह्यांना लघवी झाली!"

पलीकडच्याने स्वतःच फोन ठेवला.

"बघा वन्सं," टाचणीबाई डोळे पुसत म्हणाली, "ह्याने मला कापलं."