धुरकट बिबट्याचा मूळ फोटो

वरवंडहून निघालो तेव्हा ऊन अजून कोवळं होतं, माझं डोकं मात्र आधीच तापलं होतं. एका फोटोसाठी मला मोटारसायकलवरून कारेगावला जावं लागत होतं. ताटातली भाजी तोंडात घालण्याआधी तिचा फोटो जगाला दाखवणाऱ्या या माणसांत एक धड फोटो मिळू नये, आणि त्यासाठी मी दौंड तालुका ओलांडून शिरूर तालुक्यात जावं!

झालं होतं असं. माझ्या ताईची वस्ती (शेतातलं घर) वरवंडच्या बाहेर, उसाला खेटून आहे. तिथे संध्याकाळी बांधावर बिबट्या दिसला. शेजारच्या किरणने गच्चीवरून फोटो काढला, भावकीच्या ग्रुपवर टाकला आणि दुसऱ्या दिवशी रांजणगावला कंपनीत कामावर निघून गेला; राहायला तिथेच, शेजारच्या कारेगावात. ताई पिंजरा मागायला गेली, तर वनरक्षकाने आपल्या फोनवर तोच फोटो आणखी तीन गावांच्या नावाने आलेला दाखवला. पिंजरे थोडे, मागणारी गावं फार. "काकू, मूळ फोटो आणा. जागा ओळखू आली की पिंजरा लावतो," तो म्हणाला. त्याचं काही चुकलं नव्हतं. ताईची नात ओवी जेमतेम तीन वर्षांची. दिवसभर अंगणात खेळते, आणि अंगण संपलं की ऊस. ताईच्या डोळ्याला डोळा लागत नव्हता.

मी पुण्यात छापखान्यात फोटो नीट करायचं काम करतो, म्हणून ताईने मलाच बोलावलं. "तू जरा साफ करून दे," म्हणाली. साफ काय करणार, कपाळ? फोटो या फोनवरून त्या फोनवर गेला की अ‍ॅप तो दाबून लहान करतं. हा तर इतक्यांदा पिळून निघाला होता की बिबट्या कुठला आणि पाचट (उसाची वाळलेली पानं) कुठलं, ते समजेना. वर लाल अक्षरांत 'सावधान!!!', खाली कोपऱ्यात गॉगल लावून हात जोडलेले एक भावी सरपंच. बिबट्यापेक्षा तेच जास्त स्पष्ट दिसत होते. किरणला फोनवर मूळ फोटो मागितला, तर पठ्ठ्याने ग्रुपवर फिरून आलेला, सरपंचांसकटचाच परत पाठवला. पुन्हा सांगितलं, तेव्हा त्याचा स्क्रीनशॉट पाठवला, वर बॅटरीच्या खुणेसकट. मी हात टेकले आणि गाडीला किक मारली.

चौफुल्याला हायवे सोडला. दोन्ही बाजूंना ऊस आणि गुऱ्हाळांचा धूर, हवेत शिजत्या रसाचा गोड वास. पारगावला भीमा ओलांडली. पुलावर दोन पोरी कठड्याला टेकून, ओठांचे चंबू करून स्वतःचे फोटो काढत होत्या. नदीकडे दोघींची पाठ. पुढे ऊस विरळ होत गेला, माळ लागला, आणि न्हावऱ्याच्या अलीकडे माझं मागचं चाक बसलं.

पंक्चरच्या दुकानाशेजारी भेळेची गाडी होती. भेळ झणझणीत, वर कच्चा कांदा सढळ हाताने. बाकावर शेजारी एक आबा बसले होते. ओळख ना पाळख, त्यांनी फोन माझ्या नाकासमोर धरला.

"वाघ बघितला का पावनं? आमच्याच शिवारात हाय." (इकडे बिबट्याला वाघच म्हणतात.)

तोच फोटो. फक्त 'सावधान'च्या खाली गाव बदललेलं.

"आबा, हा वरवंडचा आहे."

"न्हाई वो! ह्यो बघा, क्यामेऱ्याकडंच बघतुया. माझ्या पुतण्यानं टाकलाय."

"पुतण्याने पाहिला का?"

"त्यो पुण्यात आसतो. त्याला कुठनं दिसायचा?"

माझ्या हातातली भेळ तशीच राहिली. या माणसाशी भांडण्यात अर्थ नव्हता.

कारेगावला पोचलो तर रस्ता कंपन्यांच्या बसगाड्यांनी तुंबलेला. एका चाळीत किरणची खोली सापडली. रात्रपाळी करून तो झोपला होता. डोळे चोळतच त्याने दार उघडलं.

"मामा, तुम्ही? एवढ्यासाठी आलाव व्हय?"

"मूळ फोटो दे."

"त्यो डिलीट केला की. मेमरी फुल झालती. आन् ग्रुपवर हाय ना!"

माझ्या डोक्यात तिडीक गेली. म्हणजे दागिना मोडून टाकायचा आणि त्याची झेरॉक्स तिजोरीत ठेवायची! मी त्याच्या हातातला फोन ओढून घेतला. पुसलेले फोटो काही दिवस फोनच्या कचरापेटीत राहतात. ढीगभर रील्सच्या खाली तो पडला होता. परत घेतला. किरण लगेच म्हणाला, "टाकू का व्हाट्सपला?"

"फोटो म्हणून पाठवलास तर हात मोडीन. डॉक्युमेंट म्हणून पाठव. तसा पाठवला की दाबला जात नाही."

माझ्या फोनवर तो आला. मी उघडला. ताईची निळी टाकी, गोठ्याचा पत्रा, बांधावरचा कडुनिंब, सगळं लख्ख. बिबट्याच्या मिशासुद्धा मोजता आल्या असत्या. पण तो कॅमेऱ्याकडे बघतच नव्हता. तो खाली कोपऱ्यात बघत होता. ज्या जागी भावी सरपंच हात जोडून उभे होते, तिथे कडब्याच्या गंजीच्या सावलीत ओवी बसली होती. मातीत काहीतरी खेळत, त्याच्याकडे पाठ करून.

किरणने वाकून पाहिलं आणि मटकन खाली बसला. "मामा, म्या बघितलंच न्हाई. फोटू काढला, मंग वराडलो, तवा त्यो पळाला."

आधी फोटो, मग ओरडणं. मला त्याला फाडकन काही बोलायचं होतं. पण पोराने आधीच स्वतःचा फोन उलटा करून गादीखाली सारला होता. मी पाणी मागितलं.

परतीच्या रस्त्यावर मी भीमेकडे पाहिलंसुद्धा नाही. वनरक्षकाने फोटो पाहिला, लगेच साहेबांना फोन लावला, आणि दुसऱ्या दिवशी उसाच्या कडेला पिंजरा लागला. लगेच भावी सरपंच आले, पिंजऱ्यापाशी हात जोडून फोटो काढून गेले आणि 'पाठपुराव्याला यश' असं लिहून सगळ्या ग्रुपांवर टाकते झाले. शे-दीडशे अंगठे मिळाले म्हणे. तो फोटोही धुरकटच होता.

संध्याकाळी ताई म्हणाली, "तो फोटो मलाबी दाव की." मी टाळाटाळ केली. तिने फोन हातातून काढूनच घेतला. दोन बोटांनी तिने तो कोपरा मोठा केला. ओवीची वेणी दिसली. आणखी मोठा केला. वेणीचं रबर दिसलं. ती मोठा करत राहिली आणि फोटो कुठेच फाटेना, पुसट होईना. आयुष्यभर मी धुरकट फोटोंना शिव्या घातल्या. त्या क्षणी वाटलं, हा एक तेवढा धुरकट असता तर बरं झालं असतं.