एकाच कोठीतली डाळ

इतवारीच्या बाजारातल्या एका दालमिलमध्ये मी कितीतरी वर्षं पाकिटं भरून सील मारायचं काम केलं. घरी मात्र ‘माल पारखतो’ असंच सांगत आलो. शाळा चौथीतच सुटली होती, पण मान खाली घालायची सवय मला नव्हती.

मिलमध्ये तुरीची डाळ एकाच कोठीतून खाली यायची. सकाळी ती मिलमालक शेठच्या स्वतःच्या छापाच्या पाकिटात जायची. ते चकचकीत, वर शेंगांचं चित्र. दुपारी प्लास्टिकचा रोल बदलला की तीच डाळ मॉलच्या पांढऱ्या पाकिटात. त्यावर मॉलचं नाव आणि डाळ दिसावी म्हणून ठेवलेली खिडकी, बस. मॉलचा माणूस एकदा शेठला म्हणाला होता, “पाकीट साधंच राहू द्या. साधं दिसलं की लोकायले स्वस्त वाटते.”

सून ते पांढरं पाकीट घरी आणायला लागली. डाळीत काडीचा फरक नाही हे मला पक्कं ठाऊक होतं. तरी मी कुरकुर करायचो. पारखी माणसाच्या घरात मॉलच्या नावाची डाळ म्हणजे काय!

एके दिवशी तिचे वडील, म्हणजे माझे इवाई, गावाहून आले. जेवायला बसलो. पहिल्याच घासाला ते लेकीला म्हणाले, “वरण मस्त झालं वं माय.”

मी म्हणालो, “झालं असंन. पण डाळ मॉलची हाय, पांढऱ्या पुडीतली. तुमच्या पोरीले पाहुण्यासाठी बी चांगली डाळ आणणं होत नाही.”

“आमच्याच शिकवणीत कमी राहिली असंन, इवाईबुवा,” ते म्हणाले आणि वाटीतलं वरण तसंच ठेवून त्यांनी ताटात हात धुतला. सून भाताचं पातेलं घेऊन दारात उभी होती.

एका वाक्यात मिटलं असतं: डाळ तीच आहे, मीच भरतो. पण मग पारखी कुठं उरला असता? मी आणखी एक पोळी मागून घेतली.

त्यानंतर इवाई दोनदा आले. चहा घेतला. जेवायचं म्हटलं की, “पोट भरलेलं हाय.” सून आता शेठचं पाकीट आणायला लागली, ते मला जास्त लागलं.

गेल्या महिन्यात ती ते चकचकीत पाकीट कापत होती. मी जवळ जाऊन सगळं सांगितलं. कोठी, रोल, माझं सील मारणं.

“मंग तवा काहून नाही बोलले, बाबा?”

मी कापलेलं पाकीट उचलून डब्यात ओतायला लागलो.

“मले सांगून काय होते? माह्या बाबाले सांगा.” तिनं फोन लावून माझ्या हातात दिला.

मी म्हणालो, “इवाईबुवा, तुमच्या पोरीची काही चूक नव्हती. डाळ तीच होती. मी पारखी नव्हतो, पाकिटं भरत होतो.”

पलीकडे ट्रॅक्टर बंद केल्याचा आवाज आला. मग ते म्हणाले, “पाकिटं भरणं काही वाईट काम हाय का? पण पोरीले माह्यासमोर बोलले, ते...”

“या ना एक दिवस जेवायले,” मी म्हणालो.

“पाहू,” ते म्हणाले. “तिले फोन द्या.”