दोरीवरची दुपटी आणि आत्याबाई

मुलुंडच्या आमच्या गल्लीत जन्मलेल्या प्रत्येक मुलाने आईवडिलांच्या आधी ह्यांच्या आत्याचा चेहरा पाहिला होता, असं म्हटलं तर ती अतिशयोक्ती होईल, पण फार मोठी नाही. आत्याबाई शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झाल्या आणि जगातल्या नद्या-पर्वतांना मार्गी लावून झाल्यावर त्यांनी बाळंतिणींकडे लक्ष वळवलं. भाजीला निघाल्या तरी नजर गॅलऱ्यांवर. कुठे दोरीवर लंगोट-दुपटी वाळताना दिसली की भाजी राहायची आणि त्या घराची कडी वाजायची, मग ओळख असो वा नसो. आत गेल्यावर त्या आधी बाळाशी बोलत, तेही अहो-जाहो करून. "काय हो, प्यायलात का? नीट पिऊ देतात ना ही माणसं?" मग त्या घराचा वर्ग व्हायचा. मध चाटवायचा नाही, पहिलं पिवळट चिकाचं दूध टाकून द्यायचं नाही, बघायला येणाऱ्यांनी पापे घ्यायचे नाहीत. पावडरच्या दुधाचा डबा दिसला तर विचारत, "हा डॉक्टरांनी सांगितला की जाहिरातीने?" जाहिरात निघाली तर वांड मुलाला करावी तशी शिक्षा डब्याला व्हायची, भिंतीकडे तोंड करून उभा. नवरेमंडळींचीही सुटका नव्हती. समोरच्या बिल्डिंगमधल्या एका नव्या बापाला त्यांनी त्याच्या सासऱ्यांदेखत विचारलं, की अंगावर पिताना बाळाचं तोंड कसं असायला हवं? तो बिचारा खाली बघायला लागला, तर म्हणाल्या, "लादीवर उत्तर लिहिलेलं नाही."

मला हे सगळं गमतीचं वाटे, माझी मुलगी जन्मेपर्यंत. ऐंशीच्या दशकातली मधली वर्षं असतील. मुलगी अशक्त होती. अंगावर घेतली की दोन घोट ओढायची, सुटायची आणि रडायची. पाजून पाजून माझ्या छातीला चिरा पडल्या होत्या, तिच्याबरोबर मीही रडत होते. सासूबाई मालवणकडच्या, त्यांनी निकाल दिला, की हिला दूधच नाही. आत्याबाईंनी नकारार्थी मान हलवली तेव्हा सासूबाई उसळल्या, "चार पोरां वाढवलंय मी, माका शिकवतंस काय?" आत्याबाई त्यांची धाकटी नणंद. त्यांनी माझ्या पाठीशी उशी लावली, मुलीला माझ्या पोटाशी आडवं धरलं आणि म्हणाल्या, "तू वाकू नकोस गं. त्यांना तुझ्याकडे आण. तोंड मोठं उघडू दे, मग." मुलगी थोडी प्यायली. "तरी पोट भरल्यासारखं वाटत नाही हो," मी म्हटलं. "धीर धर," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलगी रडलीच नाही. सासूबाई म्हणाल्या, शांत झाली, झोपू दे. खरं सांगायचं तर मलाही बरं वाटलं होतं. आत्याबाई आल्या त्या थेट मुलीपाशी. त्यांनी तिची दुपटी सोडली, तळपायाला गुदगुल्या करून जागी होते का पाहिलं, तिला खिडकीपाशी नेऊन डोळे पाहिले. डोळ्यांचा पांढरा भाग पिवळा दिसत होता. "रिक्षा बोलाव," त्या ह्यांना म्हणाल्या. "आत्ताच्या आत्ता." रिक्षात त्या मुलीच्या छातीवर हात ठेवून बसल्या होत्या.

कावीळ निघाली. मुलीला निळ्या दिव्याखाली ठेवलं. तरुण डॉक्टर म्हणाले, आईचं दूध द्याच, पण ते वाढेपर्यंत वरचंही द्यावं लागेल, पावडरचं. मी आत्याबाईंकडे पाहिलं. आता इथेच भांडण लागणार, अशी माझी खात्री होती. त्यांनी विचारलं, "किती द्यायचं आणि कसं, ते नीट सांगा." मग माझ्या शेजारी बसून, हाताने दूध कसं काढायचं ते मला दाखवलं. उकळलेल्या वाटीत जेमतेम तळ झाकेल एवढं जमलं. तेवढं चमच्याने पाजायला त्यांनी किती वेळ घेतला! एक थेंब सांडू दिला नाही.

नंतर बाहेरच्या बाकावर बसल्यावर म्हणाल्या, "काल तू सांगत होतीस, पोट भरत नाही म्हणून. मी ऐकलंच नाही. हट्ट माझा होता गं, भूक तिची होती."

मी म्हटलं, "तुम्ही नसता तर आम्ही तिला झोपू दिलं असतं."

त्या पदराने चष्मा पुसत राहिल्या.

मुलगी बरी झाली. पुढे हळूहळू वरचं सुटलं आणि ती माझ्या दुधावर वाढली. सासूबाई डिंकाचे लाडू वळायच्या तेव्हा आपल्या या नणंदेसाठी वेगळा डबा भरायच्या, आणि तो तिच्या हातात देताना बोलायच्या मात्र लाडवात तूप कमी पडल्याबद्दल. आत्याबाईंचं लोकांच्या कड्या वाजवणं काही थांबलं नाही. फक्त आत गेल्यावर त्या आता आईला आधी विचारायच्या, "तुला काय वाटतंय?" आणि उत्तर येईपर्यंत थांबायच्या. त्यांच्यासारख्या बाईला ते थांबणं किती जड जात असेल, हे ओळखीच्यांनाच कळावं.

मग त्यांच्या मुलाची नाशिकला बदली झाली आणि आत्याबाई त्याच्याबरोबर गेल्या. त्यानंतर एका दुपारी वरच्या मजल्यावरच्या काकू दारात आल्या. त्यांची मुलगी बाळंत होऊन माहेरी आली होती. "त्या बाई कुठे असतात आता?" त्यांनी विचारलं. नाशिकला, असं सांगितल्यावर त्या तशाच उभ्या राहिल्या. वरून बाळाचं रडणं ऐकू येत होतं आणि मधेमधे आईचंही.

मी गॅस बंद केला आणि त्यांच्यामागून जिना चढले. आत्याबाईंसारखं बोलणं मला येत नव्हतं. मी त्या मुलीच्या पाठीशी उशी लावली आणि शेजारी बसून राहिले.