खंडेनवमीचे टॅपेट

मिस्त्रींनी नांदेडच्या दुकानदाराला फोनवर सांगून टाकलं, "टॅपेट सॉलिड हायत. त्याच हिशोबानं कॅम पाठव." आणि दुसऱ्या दिवशी खंडेनवमीचं लोखंड धुताना त्यातलाच एक टॅपेट माझ्या अंगठ्याखाली दबला. सॉलिड असता तर दबला नसता.

मिस्त्री म्हणजे माझा नवरा. लातुरात नांदेड रोडला आमचं गॅरेज आहे, पुढं गॅरेज आणि मागं घर. सगळा रोड त्यांना मिस्त्री म्हणतो, मग मीही तेच म्हणायला लागले. सासूबाईंनी एकदा हटकलं होतं, नवऱ्याला काय मिस्त्री म्हणतीस म्हणून. मी म्हटलं, नाव घ्यायचं नाही, 'अहो' म्हटलं तर गॅरेजमधली सगळी गिऱ्हाइकं वळून बघतात, मग हाक मारू तरी कशी? त्या चुलीकडं वळल्या. मी नांदेडची, तोंडाला कुलूप नसलेली, हे त्यांना तोवर कळून चुकलं होतं. मी घरात साड्यांना फॉल-पिको करते. दिवसभर हातात सुई आणि कापड, त्यामुळं बोटांना बारीकसारीक लगेच कळतं. कौतुकाचं काही नाही, सवय आहे.

गेल्या वर्षी मिस्त्रींना लकवा मारला. उजवी बाजू गेली. तोंड वाकडं झालं होतं ते सरळ झालं, पाय ओढत चालायचे तोही बऱ्यापैकी आला. हात उठायला लागला, पाना धरायला लागला. डॉक्टर म्हणाले, नशीबवान आहात. आम्ही पेढे वाटले. पण गाड्या काही परत आल्या नाहीत. किल्लारीकडच्या जीपवाल्यांची इंजिनं वर्षानुवर्षं ह्यांच्या हातची. तेच लोक आता दारावरून जाताना हॉर्न वाजवायचे, "कसं काय मिस्त्री, आराम करा," म्हणायचे, आणि पुढं जाऊन दुसऱ्याच्या गॅरेजला गाडी लावायचे. असा संताप यायचा मला! आराम करा म्हणे. ह्यांनी आरामाचं औषध मागितलं होतं का? मिस्त्री मात्र हात वर करून हसायचे, आणि मग संध्याकाळपर्यंत एकाच पान्याला फडकं मारत बसायचे.

अशात बिलोलीचा एक माणूस जुनी जीप टोचन करून घेऊन आला. नांदेडची सगळी गॅरेजं ओलांडून आला, कारण त्याच्या वडिलांची गाडी पूर्वी मिस्त्रींनी केली होती. लकव्याचं त्याला माहीत नव्हतं. मीही सांगितलं नाही, कशाला सांगू? जीपमधलं इंजिन मूळचं नव्हतंच. मधल्या कुठल्या तरी मालकानं हैदराबादच्या भंगारातून कसलंसं जुनं पेट्रोल इंजिन आणून त्यात बसवलेलं, आणि वर गाडी कितीतरी दिवस नुसती उभी. चालू केली की थरथर, रेस दिली की फटफट, आणि एका सिलिंडरला दमच नाही. मिस्त्रींनी वरचं झाकण खोललं, बॅटरी मारून आत बघितलं आणि म्हणाले, "कॅम खाल्लाय." त्यांच्या तोंडावर तो पहिल्यासारखा तजेला बघून मी आत गेले आणि देवापुढं साखर ठेवली. हे एक इंजिन नीट चालू होऊन रस्त्यानं गेलं की झालं, असं मला वाटत होतं. मग रोडवरच्या लोकांना कळलं असतं, मिस्त्री अजून मिस्त्रीच आहेत.

कॅम म्हणजे इंजिनच्या पोटात फिरणारा दांडा. त्याला अंड्याच्या आकाराचे उंचवटे असतात, ते झिजले की कॅम खाल्ला म्हणायचं. एकेका उंचवट्यावर एकेक टॅपेट बसतो, बोटाएवढं लोखंडी नळकांडं. उंचवटा त्याला ढकलतो, ते वरच्या सळईला ढकलतं आणि व्हॉल्व उघडतो. ऐकून ऐकून मला हे पाठ झालंय. टॅपेट दोन जातींचे. सॉलिड, म्हणजे निव्वळ लोखंड. आणि हायड्रॉलिक, त्याच्या पोटात स्प्रिंग आणि तेल. दोघांचे कॅम वेगळे. एकाचा कॅम दुसऱ्याखाली घातला तर इंजिन खडखडत राहतं आणि नवाकोरा कॅम बघता बघता वाया जातो. नांदेडच्या दुकानात दोन्ही कॅम होते, म्हणून दुकानदारानं पहिला प्रश्न तोच केला, टॅपेट कसले आहेत?

ओळखायची रीत साधी आहे. टॅपेटच्या तोंडाशी वाटीसारखा खळगा असतो. त्यात सळईचं टोक टेकवायचं आणि अंगठ्यानं दाबायचं. उभ्या गाडीचं तेल उतरलेलं असतं, त्यामुळं हायड्रॉलिक असेल तर खळगा जरासा खाली जातो आणि परत वर येतो. सॉलिड असेल तर दगड. दुसरी एक खूण असते, खळग्याच्या कडेला आत तारेची बारीक रिंग. पण ह्या इंजिनात काळ्या तेलाचा असा चिवट थर बसला होता की रिंग राहू द्या, खळगाही धड दिसत नव्हता. वर रॉकरला, म्हणजे व्हॉल्व दाबणाऱ्या पट्टीला, गॅप धरायचे स्क्रू होते, आणि तसले स्क्रू सहसा सॉलिडलाच असतात. पण भंगारातल्या इंजिनवर कुणी काय काय आणून बसवलं असेल त्याचा नेम नाही, हे मिस्त्रींनीच मला शंभरदा सांगितलेलं.

त्यांनी टॅपेट एकेक करून काढले आणि अंड्याच्या ट्रेमध्ये ओळीनं ठेवले. मग एकेक उचलून दाबून बघितला. काम करताना ते पहिल्यापासून डोळे मिटतात. म्हणायचे, डोळा फसवतो, हात न्हाई फसवत. उजव्या अंगठ्यानं दाबलं, मान हलवली, दुसरा घेतला. शेवटी म्हणाले, "सॉलिड." आणि फोन लावला. मी दारात चहा घेऊन उभी होते. काय रुबाब होता त्या एका शब्दात! मला बरं वाटलं.

आता वाटतं, मला आधीच कळायला हवं होतं. थोडे दिवस आधी त्यांच्या उजव्या अंगठ्याला टम्म फोड आला होता. मी विचारलं, हे कशानं? ते म्हणाले, सायलेन्सरचा चटका असंल. असंल? स्वतःचा अंगठा भाजला आणि माणूस म्हणतो असंल! मी मलम लावलं, दोन शब्द सुनावले आणि विसरून गेले.

खंडेनवमीला आमच्याकडं गॅरेजमधलं सगळं लोखंड धुवायचं, पुसायचं आणि पूजेला मांडायचं. पाने, हातोडे, जॅक, माझी कात्री, शिलाई मशीन, सगळं. एकदा पूजा झाली की दुसऱ्या दिवसापर्यंत त्याला कामासाठी हात लावायचा नाही. मिस्त्री झेंडूची फुलं आणायला बाजारात गेले होते. मी अंगणात टबात डिझेल ओतलं, जुन्या लुगड्याचं फडकं घेतलं आणि अंड्याचा ट्रे पुढ्यात ओढला. ट्रेमधली ओळ मोडायची नाही, ज्या घरातला टॅपेट त्याच घरात परत, हे मला कुणी सांगायला नको. आधी कोरड्या फडक्यानं चीक काढायचा, मग डिझेलमध्ये बुडवायचं. फडकं अंगठ्याला गुंडाळून मी पहिल्याच टॅपेटच्या खळग्यात फिरवलं, आणि तो खाली गेला. किंचितच. अंगठा उचलला तर परत वर आला.

अगं बाई! मी फडकं काढलं आणि नुसत्या अंगठ्यानं दाबलं. दबतंय. दुसरा घेतला, दबतोय. तिसरा चिकटून बसला होता, चौथा परत दबला. मग मी एक डिझेलमध्ये घोळून लख्ख केला आणि उन्हात धरला, तर खळग्याच्या कडेला तारेची रिंग चमकली. हायड्रॉलिक. नवशिक्यालाही कळलं असतं. मी तिथंच फरशीवर बसून राहिले, हात डिझेलनं माखलेले, आणि मला एकदम तो फोड आठवला.

म्हणजे ह्यांच्या हातात पकड आली होती, पण बोटांची जाण गेली होती. आणि माणसानं ते लपवलं होतं, माझ्यापासूनसुद्धा.

काय करावं सुचेना. बोलले तर मिस्त्रींना तोंडावर सांगितल्यासारखं होणार, तुमचा हात गेला. नाही बोलले तर चुकीचा कॅम बसणार, बिलोलीवाल्याचं इंजिन खडखडणार, आणि सगळा रोड म्हणणार, बघा, आम्ही म्हणत नव्हतो? मनात आलं, आपणच गुपचूप नांदेडला फोन करावा, दुसरा कॅम मागवावा, ह्यांना पत्ताही लागू द्यायचा नाही. लावला फोन. दुकानदार म्हणाला, "वहिनी, पार्सल बांधून तयार हाय. दुपारच्या एष्टीत टाकून राहिलोय. काय काम काढलं?" मिस्त्रींची चूक मी बायको सांगणार, तीही त्यांच्या पाठीमागं? हा माणूस दिवसातून पन्नास मेकॅनिकांशी बोलतो. मी म्हटलं, "काही नाही, सणाचा म्हणून केला." तो म्हणाला, "अरे वा!" मी फोन ठेवला. माझी मलाच लाज वाटली.

तेवढ्यात मिस्त्री आले, काखेत झेंडूची पिशवी. म्हणाले, "अशी काऊन बसलीस? काय करून राहिलीस?"

मी तो धुतलेला टॅपेट त्यांच्यापुढं धरला. आणि त्यांनी काही विचारायच्या आतच बोलून गेले, "डिझेलनं सुटलं असंल. आदी चिकटलेलं होतं."

त्यांनी टॅपेट उजेडाकडं केला. रिंग बघितली. मग इंजिनमधून काढलेली सळई घेतली, खळग्यात टेकवली, डोळे मिटले आणि उजव्या अंगठ्यानं दाबलं. इतकं दाबलं की नख पांढरं पडलं. चेहऱ्यावर काहीच उमटेना. मग सळई डाव्या हातात घेतली आणि दाबली. त्यांचे डोळे उघडले.

"धुवायच्या आदी बी दबत व्हतं का?"

मी म्हटलं, "फुलं लई महाग असतील ना आज?"

"मी काय इचारलं?"

मी ट्रेमधला दुसरा टॅपेट उचलून पुसायला घेतला.

"खरं सांग. दया येऊन राहिली का माझी?"

मग मात्र माझा ताबा सुटला. "दया कशाची? राग येतोय मला! अंगठा भाजला तरी तुम्हाला कळलं नाही, आणि तुम्ही मला सायलेन्सरच्या गोष्टी सांगता? मी कोण आहे, गिऱ्हाईक आहे का तुमची? दबत होतं. कोरड्या फडक्यानं पुसतानाच दबत होतं. झालं समाधान?" बोलले आणि रडू फुटलं. शेजारचा टायरवाला डोकावला, त्याला मी तसंच रडत रडत हाकललं.

मिस्त्री फुलांची पिशवी तशीच काखेत धरून उभे होते. मग त्यांनी पिशवी नीट खुंटीला अडकवली, फोन काढला आणि माझ्यासमोरच लावला. "थांब, पाठवू नको ते. चुकलं माझं. हायड्रॉलिक हायत." पलीकडून तो दुकानदार मोठ्यानं हसला, मलाही ऐकू आलं, "मिस्त्री, तुमचं चुकलं? काहीतरीच!" मिस्त्री म्हणाले, "हाव. चुकलं." आणि फोन खिशात टाकला.

त्यानंतर आम्ही दोघांनी मिळून सगळे टॅपेट धुतले. मी पुसायची आणि द्यायची, ते बघून बरोबर घरात ठेवायचे. पोतं अंथरून त्यावर पाने मोठ्यापासून लहानापर्यंत मांडले, कडेला जॅक, माझी कात्री, मशीन, मध्ये अंड्याचा ट्रे. दरवर्षी हळदकुंकू तेच लावतात. उजव्या अंगठ्यानं, एकेका पान्याला, घाई न करता. ह्या वर्षी त्यांनी वाटी माझ्याकडं सरकवली आणि म्हणाले, "तूच लाव." मी लावत गेले. पाने झाले, हातोडा झाला, जॅक झाला. कात्री झाली, मशीन झालं.

शेवटी मी वाटी खाली ठेवणार, तर त्यांनी आपला उजवा हात पुढं केला आणि पोत्यावर, सगळ्यात मोठ्या पान्याच्या शेजारी, उताणा ठेवला.

"ह्याला बी लाव."

"काहीतरीच काय मिस्त्री, माणसाच्या हाताची पूजा करतात का?"

"हत्यारच व्हतं की ते. लाव."

त्यांनी डोळे मिटले, कामाच्या वेळी मिटतात तसेच. मी ओल्या हळदीत बोट बुडवलं, वर कुंकू घेतलं, आणि त्यांच्या अंगठ्यावर, त्या फोडाच्या वणावर, टेकवलं. चांगलं दाबून टेकवलं. शेजारच्या गॅरेजात नारळ फोडल्याचा आवाज आला. मिस्त्री तसेच डोळे मिटून बसलेले, वाट बघत.

"लाव की," ते म्हणाले.

माझं बोट अजून त्यांच्या अंगठ्यावरच होतं.